झाडाखाली पाठमोरे

दिविसादेरो स्टेशनच्या खालची वस्ती,
रविवार, ता. १७ सप्टेंबर १९७८

चि. देल्फिना हिस थोरल्या भावाचा आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारच्या गाडीने आलं. आमची लेक साबिना स्टेशनवर टोपल्या विकायला बसते, गार्डाने ते तिच्याच हातात दिलं. दोन तासांची उतरण उतरून ती घरी आली आणि मी ते तीनदा वाचलं. मिशनच्या शाळेत माझी तीनच वर्षं झाली, त्यामुळे तीनदा वाचल्याशिवाय मला काही खरं वाटत नाही.

तू लिहितेस की परमुलखातले डॉक्टर तुमच्या गावात सिस्टरांच्या दवाखान्यात येणार, भाजून आखडलेले हातपाय फुकट उघडून देणार, आणि तू आल्बिनाचं नाव घालूनही टाकलंस. न विचारता घातलंस हे बरं केलंस. विचारलं असतंस तर मी महिनाभर विचार करत बसलो असतो.

नात आता सहा वर्षांची झाली. उजवा हात तसाच आहे. बोटं तळव्याला चिकटलेली, मूठ कायमची मिटलेली. सगळं डाव्या हाताने करते. इथे एक सिस्टर येऊन गेली, ती म्हणाली की आता उघडला तर उघडला, हाडं वाढली की मूठ तशीच पक्की होईल. लोकांना मी सांगतो की पोर चुलीत पडली. तुला तरी खरं माहीत असू दे. त्या दिवशी शेजाऱ्याच्या शेतात निंदणी होती, निंदणीनंतर रिवाजाप्रमाणे मक्याची दारू. साबिना पोरीला माझ्याजवळ ठेवून पाणी आणायला गेली आणि मी विस्तवाशेजारी झोपलो. जागा झालो तो पोरीच्या किंकाळीने. चार वर्षं झाली. साबिना त्यावर एक शब्द बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता काळजीचं लिहितो. या लोहमार्गावर मी पाच वर्षं सुरुंगाची भोकं पाडली, पण गाडीत बसून तेमोरिस स्टेशनच्या खाली कधी गेलो नाही. खाली उष्मा असतो म्हणतात. पोरीला उलट्या झाल्या तर काय? डॉक्टर कोणत्या भाषेत बोलतात? हात उघडताना तिने मला हाक मारली तर मला आत सोडतील का? साबिना म्हणते की बाबा, आधी गाडीत तर बसा, उलट्यांचं मागाहून बघू. तिला सगळं सोपं वाटतं.

आई गेली त्या वर्षी तुला पाहिलं, त्याला चौदा वर्षं झाली. माझा चेहरा आता वाळल्या भोपळ्यासारखा झालाय. घर कसं शोधायचं ते नीट, सावकाश, मोठ्या अक्षरात लिही.

माया आहे ती असू दे, हीच विनंती.
तुझा भाऊ
एरास्मो


लोस मोचिस,
शनिवार, ता. २३ सप्टेंबर १९७८

ती. एरास्मोदादास देल्फिनाचा सा. न. वि. वि.

तुझ्या काळज्या मी रामिरोला आणि सूनबाईला जेवताना वाचून दाखवल्या. रामिरो म्हणाला की मामा डॉक्टरांच्या आधी इंजिनाची नाडी बघतील. हसले सगळे, रागावू नकोस. लहानपणी ओढा ओलांडायचा तर तू अर्धा दिवस काठाने फिरायचास, आठवतं ना? पोर भाजली ते वाचताना मात्र कोणी हसलं नाही. ते मी मोठ्याने वाचलंच नाही. ते तुझ्यामाझ्यात राहील.

आता नीट वाच. मंगळवारी, तीन तारखेला, दुपारच्या गाडीत बसायचं. गाडी इथे पोचते तेव्हा अंधार झालेला असतो, कधी कधी दोन तास उशीर. रामिरोला कारखान्यातून सुटी नाही, गाळपाआधीची साफसफाई चालू आहे. तेव्हा स्टेशनवरच पथारी टाका, पुष्कळजण टाकतात. सकाळी बाजाराची बस. बाजाराच्या मागे तिसरी गल्ली, निळं घर, लोखंडी फाटक, समोर रस्त्यापलीकडे मोठा गुलमोहर. बुधवारी मी दिवसभर घरात आहे, कुठेही हलणार नाही. गुरुवारी सकाळी सात वाजता डॉक्टर नावं पुकारतात. हजर नसेल त्याचं नाव जातं. शनिवारी ते निघूनही जातील. म्हणून म्हणते, दादा, गुरुवार चुकवायचा नाही.

पोरीसाठी मी पिवळा फ्रॉक शिवला आहे आणि आमच्या मागच्या खोलीत खाट टाकली आहे. तुला रामिरोची एक पँट काढून ठेवते. इथे टोमॅटोच्या तोडणीला पहाडातले लोक उतरू लागलेत, दारोदार फिरतात, उनाड पोरं त्यांच्या मागे लागतात. तुला तसं कोणी छेडलं तर मला सहन होणार नाही.

साबिनाला माझा आशीर्वाद. तुला पाहायला डोळे लागले आहेत. येण्यात आनंद करावा.
तुझी
देल्फिना


लोस मोचिस,
शुक्रवार, ता. ६ ऑक्टोबर १९७८

ती. दादास सा. न. वि. वि.

काय लिहू? बुधवारी पहाटे उठून मी तुझ्यासाठी मक्याच्या पानातले लाडू उकडले, आत मांस भरून, आईसारखे. दिवसभर खिडकीशी येऊन जात होते. फाटकावरची घंटा वाजली की पळत होते. एकदा दूधवाला आला, एकदा शेजारीण मीठ मागायला. संध्याकाळी रामिरो आला, त्याला स्टेशनवर पाठवलं. तो विचारून आला की मंगळवारची गाडी वेळेवर आली, उतरलेले सगळे गेले.

तरी गुरुवारी मी पहाटे दवाखान्यात जाऊन बसले. म्हटलं, दादा वाट चुकून सरळ तिकडेच येईल. सात वाजता आल्बिनाचं नाव पुकारलं. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मीच उठून उभी राहिले, जणू माझाच हात आहे. सिस्टरने माझ्याकडे बघितलं आणि नावावर रेघ मारली. मागच्या बाकावरची एक बाई आपल्या मुलाला घेऊन आत गेली. तो मुलगा तीन दिवस आधीच येऊन बसला होता.

तू काठावर फिरत बसलास ना? निदान निरोप तरी पाठवायचास. भीती वाटली होती तर साबिनाला धाडायचंस. तुझ्या भीतीपायी त्या पोरीने आणखी किती भोगायचं? एकदा झालं ते झालं. आता दुसऱ्यांदा तरी... पुढे लिहीत नाही. तूच पुढचं वाच.

लाडू सूनबाईने शेजारी वाटले. फ्रॉक पेटीत ठेवला आहे.

राग आहे, म्हणून खाली आशीर्वाद मागत नाही.
देल्फिना


दिविसादेरो स्टेशनच्या खालची वस्ती,
रविवार, ता. ८ ऑक्टोबर १९७८

चि. देल्फिना हिस, वि. वि.

तुझं अजून काही पत्र आलेलं नाही. येण्याची वाटही नाही. मी लिहिणार नव्हतो, पण राहवत नाही म्हणून लिहितो.

मंगळवारी सांगितल्याप्रमाणे गाडीत बसलो. पोर खिडकीला कपाळ लावून बसली ती उठलीच नाही. उलट्याबिलट्या काही झाल्या नाहीत, मलाच मळमळलं. परदेशी माणसं दाराशी गर्दी करून दरीचे फोटो काढत होती. त्यांतल्या एका बाईने आल्बिनाचा काढला आणि खुणेने म्हणाली की दोन्ही हात वर कर. पोरीने उजवा शालीत लपवला. बोगदा आला, अंधार झाला, की ती डाव्या हाताचं एक बोट मिटायची. पाच झाले तशी बोटं संपली, मग ती माझी बोटं मिटू लागली. सान राफाएलनंतर माझीही संपली. तेमोरिसला रूळ डोंगराच्या अंगावर खाली, त्याखाली, आणखी त्याखाली दिसतात. ज्या भोकात आपण शिरणार तेच आधी वरून दिसतं. मी तिला सांगितलं की त्या बोगद्यात मी पहार धरून होतो. तिने विचारलं की आजोबा, तेव्हा खाली बघायची भीती वाटायची का. मी म्हणालो, तेव्हा नाही, आता वाटते. तिने माझ्या डोळ्यांवर हात ठेवला आणि लांब पूल गेल्यावर काढला.

मग डोंगर संपले. भट्टीचं तोंड उघडावं तशी हवा आत आली. ऊस, टोमॅटो, सपाट जमीन. पोर म्हणाली की इथे टेकायला काहीच नाही. मलाही तसंच वाटत होतं, पण मी तिला झोप म्हणालो.

बुधवारी सकाळी नऊला तुझं घर सापडलं. निळा रंग, फाटक, गुलमोहर, सगळं तू लिहिलंस तसं. मी नवं पांढरं कापड नेसलो होतो, डोक्याला नवी पट्टी बांधली होती. तुझ्या घरी पहिल्यांदा येत होतो. आपण बसतो तसे आम्ही झाडाखाली बसलो, घराकडे पाठ करून, म्हणजे घरातल्यांना हातातलं काम ठेवून, केस सारखे करून बाहेर यायला सवड मिळते. कोणाच्या दाराला हात लावायला मी चोर नाही, पोलीसही नाही. आपल्या बाबांनी आलेल्या माणसाला तासाभरापेक्षा जास्त कधी बसवलं नव्हतं. वैऱ्यालाही नाही.

अकराच्या सुमारास तुझा आवाज आला. चौदा वर्षांनी ऐकला तरी ओळखला, तू आईसारखी नाकातून बोलतेस. तू कोणाला तरी सांगत होतीस की ते लोक परत येऊन बसलेत, काहीतरी देऊन टाक, उपाशी नको जायला. मला स्पॅनिश तेवढं कळतं, पाच वर्षं मुकादमांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. एक तरुण बाई आली, कागदातल्या पोळ्या आणि घेवडा माझ्या पायांशी ठेवून गेली. कोण, कुठले, काही विचारलं नाही. दिलेलं परत करायचं नसतं, म्हणून खाल्लं. पोळ्या चांगल्या होत्या.

तरी मी मनाची समजूत घालत होतो. आधी जेवू घातलं, आता बोलावेल. मग म्हटलं, मुलाची वाट बघत असेल, घरात बाप्या नाही. पोर दोनदा म्हणाली की आजोबा, मी जाऊन आतल्या आजीला सांगते. दोन्ही वेळा मी तिच्यावर ओरडलो. संध्याकाळी सायकलवरून एक माणूस आला. त्याने आमच्याकडे बघितलं, आत गेला आणि फाटकाला कडी घातली. तेव्हा समजलो. बहिणीला आम्ही तिच्या गल्लीत नको आहोत. मोठ्या घरात हे होत असेल. पण मग बोलावलंस कशाला? नाव कशाला घातलंस?

दवाखान्याची वाट न विचारता पहाटेच्या गाडीने परत आलो. वर चढताना पोर बोगदे मोजत नव्हती.

साबिनाला मी सांगितलं की डॉक्टर आलेच नाहीत. आता तुझ्यापायी मला लेकीशी खोटं बोलावं लागलं. हे शेवटचं पत्र समज. खुशाल रहा.
एरास्मो


लोस मोचिस,
शुक्रवार, ता. १३ ऑक्टोबर १९७८

ती. एरास्मोदादाच्या पायांवर डोकं ठेवून देल्फिनाचा सा. न.

काल तुझं पत्र आलं. फाटकाशी उभ्याउभ्या वाचलं आणि तिथेच खाली बसले. सूनबाईला वाटलं, कोणी गेलं.

दादा, मी तुझी पाठ बघितली. खिडकीतून चार-पाच वेळा बघितली. शेजारी लहान पोर बसलेली बघितली. मी तुझीच वाट बघत होते आणि तुझ्याकडेच बघत होते. पुढचंही लिहिते. तुझं नवं पांढरं कापड बघून माझ्या मनात आलं की एवढं स्वच्छ नेसून हे लोक मागायला कशाला येतात. मग पोळ्या दे म्हणाले. आणि पुन्हा घंटेकडे कान लावून बसले. बावीस वर्षं झाली इथे. घंटा वाजली नाही म्हणजे कोणी आलेलं नाही, असं माझं डोकं झालं आहे. पाठमोरं माणूस म्हणजे पाहुणा, हे मला आईच्या दुधाबरोबर मिळालं होतं, ते कधी गळालं कळलं नाही. पत्रात तुला बस लिहिली, गल्ली लिहिली, रंग लिहिला, घंटा वाजव म्हणून लिहिलं नाही. आणि म्हणत होते ते लोक! ते लोक कोण? माझ्याच आईची मुलं. सूनबाईने, ग्रासिएलाने, पोळ्या ठेवताना पोरीचा हात बघितला होता. काल ती म्हणाली की सासूबाई, मला वाटलं सांगावं, पण तुम्ही स्वयंपाकात होता, लाडू बिघडले असते. ती तेव्हापासून रडते आहे. मी तिला काय बोलणार?

माझं शुक्रवारचं पत्रही तुला पोचलं असेल. ते जाळ. जाळलं नाहीस तरी मला बोलायला तोंड नाही.

तुझी माफी मी मागत नाही, ती सावकाश दे किंवा देऊ नकोस. मागते ते वेगळं. काल पत्र घेऊन तशीच दवाखान्यात गेले. सिस्टरला सगळं सांगितलं, तुझी पाठ, माझ्या पोळ्या, सगळं. ती ऐकून घेत राहिली आणि मग म्हणाली की तेच डॉक्टर तेवीस तारखेपासून आठवडाभर तिकडे वर, चिवावा शहरात, आहेत. तिने तिथल्या सिस्टरला तार केली. संध्याकाळी उत्तर आलं, आल्बिनाचं नाव मंगळवारच्या, चोवीस तारखेच्या यादीत आहे. पुढच्या वर्षी ते येतील की नाही, कोणालाच माहीत नाही.

रविवारी, बावीस तारखेला, मी पहाटेच्या गाडीने निघते. दुपारी दिविसादेरोला गाडी पंधरा मिनिटं थांबते. मी तिसऱ्या डब्यात असेन. पोरीला घेऊन ये. तुला माझ्याबरोबर यायचं नसेल तर साबिना येऊ दे, नाहीतर पोरीला एकटीला माझ्या हातात दे. माझ्यावरचा राग माझ्यावरच ठेव, दादा, तिच्या हातावर काढू नकोस.

तुझी
देल्फिना


वस्ती,
मंगळवार, ता. १७ ऑक्टोबर १९७८

चि. देल्फिना हिस, वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं वाचली. पहिलं जाळलं नाही. त्यातलं काही खोटं नव्हतं.

दुसरं मी लपवणार होतो. चटईखाली ठेवलं होतं. साबिनाने झाडताना काढलं आणि टोपल्या घ्यायला येणाऱ्या दुकानदाराकडून वाचून घेतलं. परक्या माणसाने आपल्या घरातलं मोठ्याने वाचलं. ती घरी आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. डॉक्टर आले होते तर, म्हणाली. मी तुझ्या पोळ्यांचं सांगू लागलो, फाटकाच्या कडीचं सांगू लागलो. ती म्हणाली की बाबा, एकदा विस्तवाशेजारी झोपलात, आता रुसून पुन्हा झोपू नका.

चार वर्षांनी बोलली. मला वाटत होतं, बोलली की हलकं वाटेल. तसं झालं नाही.

रविवारी पोर स्टेशनवर असेल. साबिनाला त्या दिवशी टोपल्या विकायच्या आहेत, शिवाय घरी बकऱ्या व्यायल्या आहेत, तिला येता येणार नाही. माझं काय ते मी अजून ठरवलेलं नाही. चिवावा फार मोठं शहर आहे. तिथे थंडी पडली असेल. तार खरी होती ना? यादीत नाव लिहिताना चूक तर झाली नसेल ना? आल्बिना नावाच्या दुसऱ्या मुली असतील. आडनाव लिहिलंय का ते विचार.

बाकी भेटीत, किंवा न भेटीत.
एरास्मो


वस्ती,
रविवार, ता. ५ नोव्हेंबर १९७८

चि. देल्फिना हिस एरास्मोचा आशीर्वाद. वि. वि.

बुधवारी तू गाडीतून हात हलवत पुढे गेलीस, तेव्हा नीट बोलता आलं नाही. दवाखान्यात दहा दिवस एका बाकावर बसलो, तेव्हाही तू बोलत होतीस आणि मी हो-नाही म्हणत होतो. मला लिहिल्याशिवाय बोलता येत नाही. तर त्या रविवारचं तुला जे दिसलं नसेल ते लिहितो.

मी पोरीला घेऊन तासभर आधीच आलो होतो. गाडी आली तसे सगळे प्रवासी दरीच्या कठड्याकडे धावले, बायका टोपल्या घेऊन त्यांच्यामागे. मी लाकडांच्या ढिगापाशी पोरीला घेऊन बसलो. रुळांकडे पाठ करून. तुला चिडवायला नाही, देल्फिना. मला माहीत होतं की तू तिसऱ्या डब्यात आहेस, उठून दहा पावलं जायचं आहे. पण पाय तसेच दुमडले. मनात म्हणत होतो की ती येईल, आता तिला ठाऊक आहे. आणि तू त्याच वेळी दुसऱ्या टोकाला, कठड्याच्या गर्दीत, प्रत्येक पांढऱ्या कापडाचं तोंड बघत फिरत होतीस, हे तू मागाहून सांगितलंस. पंधरा मिनिटं अशी गेली. शिट्टी झाली तशी तू परत डब्यात चढलीस. साबिना टोपल्यांवरून ओरडली की बाबा, उठा, गाडी चालली, बसलात काय खांबासारखे! सगळ्या बाया हसल्या. कोणीतरी म्हणालं की म्हाताऱ्याला मुळं फुटली.

मग मी उठलो. पोरीला खांद्यावर घेतलं आणि धावलो. गाडी हललेली. मी मुठीने डबा बडवू लागलो. काचा, पत्रा, जे हाताला येईल ते. जन्मात कोणाच्या दाराला बोट लावलं नव्हतं. आतल्या एका परदेशी बाईने घाबरून पडदा ओढला. पोर माझ्या कानात ओरडत होती की आणखी जोरात, आजोबा. गार्डाने दार उघडून मला शिव्या दिल्या आणि दंड धरून आत ओढलं. सामान काही नाही, चादर नाही, भाजक्या मक्याच्या पिठाची पिशवी लाकडांपाशीच राहिली. मी यायचं ठरवलं की नाही, असं तू विचारलंस. नाही. तसाच आलो.

ऑपरेशनच्या वेळी मला आत सोडलं नाही, आणि तिने हाकही मारली नाही. तू सिस्टरशी भांडलीस, ते मी ऐकत होतो. तू म्हणालीस की आमच्या घरात माणसाला बाहेर बसवत नाहीत. मग माझ्याकडे बघितलंस आणि गप्प झालीस. मी तुला अर्धी भाकरी दिली, तू खाल्लीस. तेवढं झालं.

एक गोष्ट मी डॉक्टरांना विचारू शकलो नाही, तू विचारलीस, त्याचे उपकार कसे फेडू? लोस मोचिसला गुरुवार चुकला त्याने हाताचं काही बिघडलं का. त्यांनी सांगितलं की तीन आठवड्यांनी काही होत नाही, चार वर्षांनी झालं जे व्हायचं ते. तुझं ओझं उतरलं. माझं राहिलं, ते माझ्याच खांद्याचं आहे.

डॉक्टर म्हणाले होते की तीन बोटं नक्की, उरलेल्या दोनांचं पट्टी सुटेल तेव्हा कळेल. आज सोडायची आहे. सिस्टरने गरम पाण्यात भिजवून सोडायला शिकवलं ते मला पाठ आहे, तरी रात्री... नाही, रात्रीचं जाऊ दे. मी साबिनाला म्हणालो की तू सोड, तुझे हात स्थिर आहेत. ती म्हणाली की तुम्हीच सोडा. म्हणाली तेही ओरडून नाही. पाणी चुलीवर ठेवून, पोरीला माझ्यासमोर बसवून, स्वतः पलीकडे बसली आहे. पाणी तापेपर्यंत हे लिहिलं.

ग्रासिएलाला सांग, पोळ्या खरंच चांगल्या होत्या. रामिरोला आशीर्वाद. चुकलेलं पुढे आलं की पोटात घालावं, आणि पत्रात खंड नसावा.
तुझा दादा
एरास्मो

ता. क. पट्टी सोडली. पाऊण तास लागला. कातडी लाल, पातळ, नव्याने आलेल्या पानासारखी आहे. चार बोटं उघडतात. करंगळी उघडत नाही, आणि उघडेल असं वाटत नाही. मी तिला विचारलं की दुखतं का. हात डोळ्यांसमोर धरून पुढून-मागून बघत राहिली. मग त्या हाताने तिने नाक खाजवलं. साबिना आणि मी नुसते बघत होतो. मग तिने कानही खाजवला.